तिसरा पदार्थ

तत्त्वज्ञानात पीएच.डी. करतो असं सांगितलं की माणसं दोन पावलं मागं सरकतात. 'कविता करतो' म्हटल्यावरही सरकतात, पण ते ऐकावी लागेल या भीतीनं. इथं चेहऱ्यावर भीती नसते, काळजी असते. घरी सगळं बरं आहे ना, अशी.

माझा विषय 'न्यायदर्शनातील संशय'. गौतमानं न्यायसूत्रांतल्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. ते खायचे नव्हेत, हे आईला पटवण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. प्रमाण पहिला, प्रमेय दुसरा, संशय तिसरा, प्रयोजन चौथा. मी तिसऱ्यावर काम करतो आणि सारं जग मला चौथा विचारतं : "पण याचा उपयोग काय?"

मामांनी तर एकदा पेचातच पकडलं.

"केमिस्ट्रीवाल्यालाही शेवटी डॉक्टर ऑफ फिलॉसॉफीच म्हणतात ना रे?"

"हो, मामा."

"मग केमिस्ट्रीच करायचीस की! पदवी तीच, वर नोकरी."

समोरच्याला नुसतं गप्प करण्यासाठी घातलेल्या वादाला जल्प म्हणतात. हा अकरावा पदार्थ. मामांना तो जन्मजात सिद्ध आहे.

बारावा वितंडा. यात आपली बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याची मोडायची. तो आमच्या मार्गदर्शकांकडे. मी प्रकरण नेऊन दिलं की सर म्हणतात, "हे नको." मग काय हवं? "ते तुम्ही शोधा. संशोधन तुमचं आहे."

शोधायचं तरी कुठं? गौतमाच्या सूत्रांवर वात्स्यायनाचं भाष्य, भाष्यावर उद्द्योतकराचं वार्तिक, वार्तिकावर वाचस्पतिमिश्राची तात्पर्यटीका आणि तिच्यावर उदयनाची परिशुद्धी. शेकडो वर्षं ही थोर मंडळी एकमेकांच्या खांद्यावर बसत गेली. सर्वांत वर मला चढायचं, तेही काहीतरी नवीन घेऊन. आणि मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. माझं पाचवं चालू आहे.

संशयाचं शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण मोठं साधं आहे. तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतं. ते झाडाचं खोड की माणूस? उंची दोघांचीही सारखीच. हात, पाय, हालचाल असं एखादं विशेष दिसलं की संशय फिटतो. यावर माझी एकशेचाळीस पानं झाली आहेत.

परवा सरांनी ती एकशेचाळीसही परत केली. बसमध्ये मी ठरवून टाकलं, बस्स झालं. अण्णांच्या पेन्शनवर आणखी किती दिवस संशय घ्यायचा? घरी गेल्याबरोबर सांगायचं आणि एखाद्या क्लासमध्ये शिकवायला लागायचं.

गल्लीच्या तोंडाशी दिवा गेलेला होता. फाटकापाशी काहीतरी उभं होतं. विजेचा खांब म्हणावा तर तो डावीकडे. एवढ्यात ते खोकलं.

"अण्णा, इथं का उभे?"

"उशीर झाला तुला. म्हटलं, बघावं."

मी तिथंच सांगून टाकलं. "अण्णा, मी हे सोडून देतोय. माझा निर्णय झालाय."

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले. माझ्या विषयाबद्दल त्यांनी पाच वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. रात्री माझी टिपणं नीट लावून त्यांवर पेपरवेट तेवढा ठेवत. ते फाटकाची कडी काढत म्हणाले,

"कुठलं प्रकरण परत आलं? संशयाचंच ना?"

"हो."

"मग निर्णय एवढ्यात कसा होईल? संशय तिसरा, निर्णय नववा. मधे पाच आहेत अजून. चल, आमटी गार होतेय."

अण्णांना सोळाही पाठ आहेत. मला तेराव्यापुढं अजून कागद बघावा लागतो.