खड्डा, मीठ आणि ९६०० जीटी

ज्यांच्यामुळे मी आज जीपीयूवर प्रोग्रॅम लिहून पोट भरतो, त्या अण्णांनी आयुष्यात कधी संगणक चालवला नाही. ते सांगोल्याकडचे. मावळातल्या उर्से गावात आमच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन होते. एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याला उर्से म्हटलं की टोलनाका आठवतो. गावात राहणाऱ्याचा दिवस पाळीवर चालतो. फिनोलेक्सचा केबलचा कारखाना, फाउंड्री, आणि त्यांच्या मधून उरलेली भातखाचरं. मी वाढलो ते या गावात.

२०१० साली मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याआधी २००७च्या नोव्हेंबरात पुण्यातला ‘एका’ हा महासंगणक जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला होता. विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक होतं, तिथे ‘परम’ हा महासंगणक होता. हजारो प्रोसेसर एकाच वेळी एकच गणित करतात म्हणजे नेमकं काय, हे मला हात लावून बघायचं होतं. पण डिप्लोमाच्या पोराला तिथे कोण उभं करणार? एनव्हिडियाने मात्र तोवर कूडा, म्हणजे त्यांच्या ग्राफिक्स कार्डांवर अशी गणितं चालवायची सोय, सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. आठ हजारच्या मालिकेपासून पुढचं त्यांचं कुठलंही साधं कार्ड चालणार होतं. म्हणजे घरातल्या मशीनमध्ये बसेल असा छोटासा ‘परम’. निदान मला तरी तसं वाटत होतं.

कार्ड बघायला तळेगावहून लोकलने शिवाजीनगर, तिथून चालत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. दोन कार्डांवर येऊन गाडी अडली. एक जीफोर्स ९५०० जीटी, नवं, सीलबंद, गॅरंटीचं, १ जीबी मेमरी. दुसरं ९६०० जीटी, कुणाच्या तरी मशीनमधून काढलेलं, विनाडब्याचं, ५१२ एमबीचं. पैसे जवळजवळ सारखेच. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं: नवं आणि दुप्पट मेमरीचं सोडून जुनं निम्मं कशाला? माझ्या वहीत दोन्हींचे आकडे होते. ९५०० मध्ये ३२ स्ट्रीम प्रोसेसर, ९६०० मध्ये ६४. चिप दोन्हींची ६५ नॅनोमीटरवर बनलेली, ट्रान्झिस्टर ३१.४ कोटी आणि ५०.५ कोटी. पण घरात १ जीबीपुढे हे आकडे टिकेनात.

दुसऱ्या पाळीवरून आलेले अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “ती मेमरी आणि ती चिप, यांच्यामधी वायरी किती?”

मी म्हटलं, “अण्णा, एकात १२८, दुसऱ्यात २५६.”

“आणि एका वायरीतनं सेकंदाला किती जातंय?”

ते डब्यावर नव्हतं, वहीत होतं. ९५०० च्या त्या १ जीबीवाल्या कार्डावर डीडीआर२ मेमरी होती. एका वायरीतून सेकंदाला १०० कोटी बिट. ९६०० वर जीडीडीआर३, १८० कोटी. अण्णांनी गुणाकार करायला लावला. १२८ गुणिले १०० कोटी, भागिले आठ: सेकंदाला १६ जीबी. २५६ गुणिले १८० कोटी, भागिले आठ: ५७.६ जीबी. साडेतीन पटींहून जास्त. अण्णा म्हणाले, “मग तो एक जीबी तिथं बसून काय करणार? वाट बघणार.”

ज्या माणसाचा सगळा जन्म केबलची जाडी आणि अँपिअर यांचं कोष्टक बघण्यात गेला, त्याला हा प्रश्न सुचणारच. आमच्या वर्गातल्या कुणालाही तो सुचला नव्हता. ९५०० जीटी जीडीडीआर३ मेमरीचंही निघालं होतं, २५.६ जीबीचं, नाव तेच, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात ‘१ जीबी’ छापलेलं मात्र हळू कार्डावर. विकणाऱ्यांच्या या खोडीला माझ्याकडे आजही माफी नाही. एनव्हिडियानेच ८८०० जीटी थोडं इकडेतिकडे करून ९८०० जीटी म्हणून विकलं. त्या ८८०० मध्ये ११२ स्ट्रीम प्रोसेसर, पण मेमरीचा वेग ९६०० इतकाच, ५७.६. म्हणून बऱ्याच खेळांमध्ये ६४ वालं ११२ वाल्याच्या मागोमाग पळायचं. अण्णांचा प्रश्न तिथेही लागू पडला.

पण अण्णांचं ऋण या गुणाकाराचं नाही. तो मी कधीतरी शिकलोच असतो.

ठरलं ९६०० जीटी, पण अडचण विजेची होती. ९५०० जीटीला ५० वॅट लागतात, ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. ९६०० जीटीला ९५. स्लॉट ७५ च्या वर देत नाही, म्हणून त्याला सहा पिनांची वेगळी वायर. माझ्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेलं. अण्णांनी तो हातात घेऊन तोलला, “हलका हाय,” म्हणाले, आणि बारीक अक्षरातली ओळ वाचली: १२ व्होल्टला १५ अँपिअर. म्हणजे कामाचे वॅट १८०. कार्डासाठी कंपनीची शिफारस २६ अँपिअरची. शिवाय घरात अर्थिंग नव्हतंच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. त्यात तेव्हाचं भारनियमन. वीज गेली की तासन्‌तास गुल, आणि परत येताना धक्का देऊनच यायची.

रविवारी सुट्टीच्या दिवशी अण्णांनी परसात खड्डा खणला. तांब्याची पट्टी, जाडं मीठ, कोळसा, पुन्हा मीठ, वर पाणी घालायला पाइप. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थिंगच्या मधे लावून बघितला. तो लख्ख पेटला, तेव्हाच त्यांनी हात धुतले. एसएमपीएस नवा आणला तोही त्यांनीच, ओव्हरटाइमच्या पैशातून. मी हिशेब विचारला तर म्हणाले, “आधी मशीन चालू दे.” मशीन चालू झालं. पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

कार्ड पाच पावसाळे टिकलं. मावळच्या पावसात दमट हवेने कार्डाचे सोनेरी दात काळवंडतात. ते खोडरबराने हलकेच घासायचे, हेही अण्णांचंच. त्यावर मी मॅट्रिक्सचे गुणाकार केले, दोन ओळींची बेरीज लाखो आकड्यांवर चालवली. मित्राच्या ९५०० वर तीच बेरीज लावली तेव्हा तिला तिप्पटीहून जास्त वेळ लागला. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, तुमचा प्रोग्रॅम गणितात अडकतोय की मेमरीत, हे कसं ओळखाल? मी अण्णांचा वायरींचा हिशेब मांडला. नोकरी मिळाली.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. पहिल्या पगारातून एसएमपीएसचे पैसे घेऊन मी सांगोल्याला गेलो, ते त्यांनी घेतले नाहीत. आमच्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ तेवढा ठेवून घेतला. आता दर दिवाळीनंतर एक पोतं जातं. त्यांच्या खोलीत आज दुसरं बिऱ्हाड आहे. त्या बाईंना सांगून ठेवलंय, उन्हाळ्यात त्या पाइपात बादलीभर पाणी ओतत जा.

त्या कार्डांना २०१५ मध्ये आलेल्या कूडा ७ ने रजा दिली, आणि आज दोन्ही भंगारातच मिळतील. तरी कुणी हौशी पोरगं जुनं कार्ड शोधत असेल तर माझं मत विचारू नये, ते ठरलेलं आहे: ९६०० जीटी. मात्र आधी घरचं अर्थिंग बघावं.