मृगाच्या आत चार गोधड्या



सोलापूरच्या मे महिन्याबद्दल मी तुम्हाला वेगळं काय सांगू? पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत आमच्या घरात एक नाही, दोन नाही, चार गोधड्या एकदम सुरू आहेत. मंदिरात भेटणाऱ्या बायका विचारतात, "अहो, एक संपवून मग दुसरी का नाही घेत?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर जरा मोठं आहे म्हणून आज लिहायला बसले.

सुरुवात आमच्या आईंपासून झाली. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. या वर्षी चातुर्मास लागताना परिग्रहाचं परिमाण आणखी कमी करायचं त्यांनी ठरवलं. अंगावर नेसायला पाच लुगडी ठेवायची, बाकी सगळी सोडायची. आपण परिग्रह म्हटलं की सोनं, जमीन, बँकेतले पैसे असंच धरतो. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या प्रमाणाचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण यांच्या रांगेत 'कुप्य' हा शब्द आहे, आणि टीकाकार त्यात कापडचोपडही धरतात. म्हणजे आपलं कपाटही त्या हिशेबात आलंच!

आईंची ट्रंक उघडली तेव्हा चोवीस लुगडी निघाली. पाच त्यांनी ठेवली. दहा चांगली, नेसण्याजोगी होती, ती गरजू बायकांना दिली. उरली नऊ. ती मऊ पडलेली, कुठे विरलेली, कुठे काठ निघालेली. ती कुणाला देणं बरं दिसेना आणि टाकवेनात. आई म्हणाल्या, "गोधड्या करू. पण माझे डोळे चालतायत तोवर. आणि चातुर्मासाच्या आत सगळ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या पाहिजेत."

म्हणून एकदम चार. एक दुपटं, नणंदेच्या लेकीच्या बाळासाठी. ती श्रावणात बाळंत होईल. एक मोठी वाकळ, पुण्याच्या जाऊबाईंना. एक एकेरी गोधडी, माझा मुलगा जूनमध्ये हॉस्टेलला निघालाय त्याला. आणि एक छोटं आसन, आईंना सामायिकाला बसायला. आम्ही वाकळ म्हणतो, समोरच्या कन्नड बोलणाऱ्या काकू कौदी म्हणतात आणि मागच्या गल्लीतल्या तेलुगू मावशी बोंत म्हणतात. टाका मात्र तिघींचा एकच, धावदोरा.

अक्षय तृतीयेला पहिलं कापड कापलं. राजा श्रेयांसाने भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा आहार दिला तो हा दिवस. आपल्याकडे दानाची परंपरा तिथून सुरू झाली असं मानतात. द्यायच्या वस्तूला हात घालायला याहून चांगला दिवस कुठला?

आता हिशेब सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एकेरी गोधडीचे बरोबर चार थर होतात, वाया काही जात नाही. दुहेरी वाकळीला दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडावे लागतात, म्हणून एका लुगड्यात दोनच थर बसतात. मी सहा थर धरले, तीन लुगडी लागली. हॉस्टेलच्या गोधडीला एक, दुपट्याला एक, आणि राहिलेली चार वरच्या ठिगळांना आणि काठांना. आसन उरल्यासुरल्या तुकड्यांचं. झाली नऊ.

आपलं गाव कापडाचं. इथे १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल होती, इथल्या जेकार्ड चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आता शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदाही मोठा आहे. गणवेशाच्या कटिंगमधल्या चिंध्या किलोवर मिळतात. बऱ्याच जणी त्या आणून गोधड्या करतात, दिसतातही छान. मी त्या फक्त वरच्या नक्षीला थोड्या वापरते. टेरिकॉट सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात अंगाखाली भाजतं. पोटात जुनं सुतीच हवं. इरकल लुगड्यांचे रेशमी पदर मी कापून बाजूला काढले. रेशमासाठी कोशातले जीव उकळतात हे माहीत असल्यावर बाळाच्या अंगाशी ते कापड ठेवायला मन घेत नाही.

कापायच्या आधी धुणं आलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे पाण्याच्या दिवशी दोनच लुगडी, तीही गाळलेल्या पाण्यात, आणि ते धुण्याचं पाणी पुढे अंगणाला. मग गच्चीवर दोन दिवस कडक ऊन. त्याआधी प्रत्येक घडी उलगडून हलक्या हाताने झटकायची. ट्रंकेत पडून राहिलेल्या कापडात कसर असते, आणि घाईने थेट उन्हात टाकलं तर जीव जातो. सावलीत झटकून, सुटू द्यावं आणि मग ऊन दाखवावं. पाच मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

गच्चीवर मुगाचे पापड, शेवया आणि खारवलेल्या मिरच्यांनी आधीच जागा धरलेली. मग वाटणी केली. पूर्वेची बाजू खाण्याची, पश्चिमेची कापडाची. आई म्हणाल्या, "बघ, सूर्य एकच आहे, तोही वाटून घ्यावा लागतो."

चार कामं एकदम कशी जमतात? माझा अनुभव असा की चारही एकाच वेळी शिवायची नसतातच. प्रत्येक काम दिवसाचा आपापला वेळ मागतं. पहाटे पूजेहून आल्यावर, नाष्ट्याच्या आधी, डोकं ताजं असतं. तेव्हा मोजणं आणि कापणं. दुपारी अकरा ते तीन खिडकीपाशी बसून दुपटं किंवा आसन, कारण ते हलकं असतं. या उन्हात सहा थरांची वाकळ मांडीवर घेऊन बसलात तर वेगळी भट्टी नको! चार-साडेचारनंतर हॉस्टेलची गोधडी. आणि मोठी वाकळ संध्याकाळी.

संध्याकाळचं आपल्याला एक बरं आहे. सूर्यास्त सातच्या आसपास, आणि आपलं जेवण त्याआधीच उरकलेलं. भांडी आवरून गच्चीवर गेलं की चांगला अर्धा-पाऊण तास उजेड मिळतो. थर अंथरायला जागा लागते ती तिथेच. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, आणि मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे. एकदा कच्चे टाके पडले की वाकळ कुठेही घेऊन बसता येतं. मग काठाकडून आत, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या रांगा.

अंधार पडला की सुई बंद. हा आईंचा नियम. दिव्यापाशी किडे येतात, वळवाच्या सरीनंतर तर पंखवाल्यांचे थवे येतात. ते कापडावर बसतात आणि सुईखाली, हाताखाली सापडतात. शिवणासाठी रात्री दिवा लावायचा नाही म्हटल्यावर दिवसाचे तास आपोआप नीट वापरले जातात. माझी अर्धी शिस्त त्या एका नियमातून आली.

आणखी दोन सवयी. प्रत्येक कामाची वेगळी पिशवी, तिच्यात त्याचाच दोरा, त्याचीच सुई आणि त्याचंच अंगुस्तान. आणि संध्याकाळी सुया मोजायच्या. चार म्हणजे चारच. दुपट्यात राहिलेली एक सुई काय करू शकते हे आयांना सांगायला नको.

शेजारच्या एक ताई मध्ये येऊन म्हणाल्या, "चार चालूच आहेत तर माझी पाचवी घ्या ना, पैसे देते." मोह झाला. त्यांच्याकडची सुती पातळं फार सुंदर होती. पण मी दिवाळीनंतर या म्हटलं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, गोधडीवालीने तर ते आधी पाळावं. कारण मृग लागला की हवा दमट होते. अर्धवट शिवलेली वाकळ कोपऱ्यात घडी घालून पडली की तिच्यात ओल धरते, बुरशी येते, जीव उत्पन्न होतात. मग झटकलं तरी हिंसा, धुतलं तरी हिंसा. हौसेने सुरू करून टाकून दिलेलं काम हा परिग्रहच. तो वापरात नाही, दिलेला नाही, आणि सोडवतही नाही. म्हणून किती कामं एकदम घ्यावीत याचं माझं माप एकच, पावसाच्या आत जेवढी घराबाहेर जातील तेवढी.

या सगळ्यात एक दिवस मात्र सुया थांबल्या. त्या नऊ लुगड्यांत एक आईंच्या आईचं निघालं. काळपट हिरवं, हात लावला तर फाटेल इतकं विरलेलं. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, तेव्हा आई चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने त्यांना दर्शनाला नेलं होतं, हे लुगडं नेसून. गर्दीत हात सुटू नये म्हणून याचा पदर मुठीत धरला होता, असं त्या सांगतात.

नणंदबाई म्हणाल्या, "हे कापायचं नाही. मी नेते, जपून ठेवते." जाऊबाईंचा फोन आला, त्यांनाही हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण चहा देताना नजरा चुकवायला लागलो. एका विरलेल्या लुगड्याने तिघींना तीन कोपऱ्यांत बसवलं.

तिसऱ्या दिवशी सामायिक आटोपून आई उठल्या आणि कात्री मागितली. "ट्रंकेत ठेवून कुणी एक जपणार, आणि दोघी झुरणार. त्यापेक्षा अंगावर घ्या." त्यांनी स्वतःच्या हाताने तीन तुकडे केले. विरलेलं कापड वर टिकणार नाही, म्हणून दुपटं, वाकळ आणि हॉस्टेलची गोधडी, तिन्हींच्या मधल्या थरात एकेक घातला. वरून दिसणार नाही. ज्याच्या अंगावर असेल त्याला माहीत असेल.

मी म्हटलं, "आई, एक बारकासा तुकडा तुमच्या आसनाला?"

"नको गं. ज्याच्यावर बसून माझं काही नाही असं म्हणायचं, त्याच्यातच माझं शिवून ठेवू?"

नणंदबाई रडल्या. मग त्यांनीच दुपट्याची पिशवी ओढून घेतली आणि त्या तुकड्याभोवतीचे टाके स्वतः घातले. नातवंडाला आजीच्या आजीचं कापड मिळालं. कपाटात राहिलं असतं तर ते कसरीचं झालं असतं.

आज हिशेब असा आहे. आसन झालं, आई त्यावर रोज बसतात. दुपटं झालं, धुऊन, ऊन देऊन नणंदेकडे गेलं. हॉस्टेलच्या गोधडीच्या आठ-दहा रांगा बाकी आहेत. मुलगा म्हणतो, "मम्मी, तिथे गादी-पांघरूण देतात." देऊ देत. मोठी वाकळ निम्म्यावर आली आहे. मृगाला दहा-बारा दिवस आहेत आणि आईंच्या उजव्या डोळ्याला आता दुपारनंतर दोरा ओवता येत नाही. म्हणून सकाळीच मी त्यांना वीस-पंचवीस सुया आणून देते. त्या सगळ्यांत दोरा ओवून ठेवतात आणि मी दिवसभर त्या वापरते. टाके माझे दिसतील, पण प्रत्येक दोरा त्यांनी ओवलेला आहे.

तुमच्याही ट्रंकेत अशी लुगडी असतील. या उन्हात एकदा काढा, सावलीत झटका, ऊन दाखवा. जे देता येईल ते द्या, जे शिवता येईल ते शिवा, आणि ज्यांचं कापड आहे त्या घरात असतील तर त्यांना शेजारी बसवून शिवा. वाकळीची घडी घालून ती पुण्याच्या गाडीत बसली की कळवतेच.

जय जिनेंद्र!