सिएराचं स्टिअरिंग

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या निगडीच्या सोसायटीत एक गृहस्थ आले. पांढरा लिननचा शर्ट, हातात टॉर्च. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आमच्या टाटा सिएराभोवती त्यांनी पाऊण तास फेऱ्या मारल्या. मग रुमाल अंथरून गुडघ्यावर बसले, खाली वाकून चॅसी बघितली, बॉनेट उघडायला लावून इंजिन नंबरचा फोटो काढला, आरसीशी पडताळला. मागच्या काचांवर तर त्यांनी लग्नाच्या मुलीचा चेहरा बघावा तशी टॉर्च धरली. काचा मूळच्या आहेत हे कळल्यावर खूश झाले. म्हणाले, "साडेसहा लाख देतो. एकच अट आहे. आता हिला काही करू नका. जशी आहे तशी राहू दे."

पप्पा शेजारी उभे होते. ते सहज बोलून गेले, "पण आम्हाला हिला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय."

गृहस्थांचा चेहरा असा झाला, जणू कोणी सागवानी वाड्याला अॅल्युमिनियमच्या खिडक्या लावायच्या म्हणतंय.

ज्यांनी सिएरा बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेल्कोने ही गाडी १९९१ साली आणली. पिकअपच्या पायावर बांधलेली, पुढे दोनच दरवाजे, स्टेपनी मागच्या दारावर, आणि मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत वळत गेलेली अखंड काच. ती काच उघडत नाही. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, टर्बो नाही (टर्बो नंतर आला). कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण भोसरीच्या रस्त्याला आजही टेल्को रोडच म्हणतात आणि पप्पाही 'टेल्को'च म्हणतात. १९८० साली तिथे अप्रेंटिस म्हणून लागले, टूल रूममध्ये आयुष्य काढलं, २०१८ साली रिटायर झाले.

आमची गाडी नोव्हेंबर १९९५ची. पप्पांनी ती २००६ मध्ये सेकंड हँड घेतली. मी तेव्हा नऊ वर्षांची. गावी कराडला जाताना मी मागे आडवी पडायचे आणि काचेतून सरळ वर आभाळ दिसायचं. परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात दिवे डोक्यावरून पळायचे. त्याच काचेमुळे दुपारी मागे भट्टी पेटायची आणि शिरवळच्या आसपास मला उलटी व्हायची, हेही खरं आहे. पण आठवणी सांगताना आपण उलटीचा भाग गाळतो.

तर प्रश्न सोपा होता. २०२४ मध्ये पप्पांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. आमच्या सिएराला पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीत चाक वळवायचं तर अंगातलं सगळं बळ लावावं लागतं. डॉक्टरांनी जड काम नको म्हणून सांगितलं. म्हणजे गाडी एकतर बदलायची, नाहीतर विकायची, नाहीतर शोभेला ठेवायची. पप्पांचं मत बदलण्याचं होतं. माझं मत, सांगायला जरा लाज वाटते, त्या लिननच्या शर्टाकडे झुकलेलं होतं. पैशासाठी नाही. मला ती गाडी 'ओरिजिनल' हवी होती.

त्या काळात मी रात्री जागून यूट्यूबवर सुपरकारचे व्हिडिओ बघायचे. करोडोंच्या गाड्यांच्या जगात हा वाद रोजचाच आहे. फेरारीने तर २००६ पासून त्यासाठी वेगळा विभागच ठेवलाय, क्लासिके नावाचा. तुमच्या जुन्या फेरारीचं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी कारखान्यातून निघाली तेव्हाचीच आहे का, हे ते तपासतात आणि मग प्रमाणपत्र देतात. त्या कागदाने किंमत वाढते. २०१४ मध्ये डेडमाउस या कॅनडाच्या संगीतकाराने आपल्या ४५८ इटालियावर इंद्रधनुष्यावरून उडणारी मांजर चिकटवली आणि लोगोच्या जागी 'पुरारी' लावलं, तर फेरारीकडून त्याला पत्र गेलं. स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी, तरी! याच्या बरोबर उलट कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी. ते १९९०च्या आसपासच्या पोर्शे ९११ घेतात, पार सोलून काढतात आणि नव्याने बांधतात. त्या ओरिजिनलपेक्षा कितीतरी महाग जातात. आणि लांब कशाला, आपल्या पुण्यात आदर पूनावालांनी मुलासाठी एका मर्सिडीज एस-क्लासची चक्क बॅटमोबाइल करून घेतली होती. पैसा असला की दोन्ही बाजू शोभून दिसतात.

आमच्या घरी मात्र वाद जेवणाच्या टेबलावर झाला. मी म्हटलं, "पप्पा, फॅक्टरीतून जशी बाहेर पडली तशी राहायला हवी. नाहीतर मग ती सिएरा कसली?"

पप्पा भाकरी मोडता मोडता थांबले. "फॅक्टरीतून जशी बाहेर पडली तशी म्हणजे कशी? कुठल्या महिन्यातली?"

मला कळेना.

"अगं, दर थोड्या महिन्यांनी चेंज नोट यायची. हा ब्रॅकेट बदलला, तो बोल्ट लांब केला, या चॅसी नंबरपासून पुढे हा पार्ट. आम्ही स्वतःच तिला बदलत होतो रोज. तू कुठल्या ओरिजिनलबद्दल बोलतेस?"

आता मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर. चाकणच्या एका कंपनीसाठी गाडीच्या डॅशबोर्डचा कोड लिहिते. दिवसातून दहा वेळा व्हर्जन नंबर हा शब्द बोलते. तरी लोखंडालाही व्हर्जन असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर माझ्याच कामामुळे गाडीचं 'ओरिजिनल' संपत आलंय. हल्लीच्या गाड्यांना अपडेट हवेतून जातो. मालक रात्री झोपतो, सकाळी गाडीत मेन्यू बदललेला असतो. २०५५ साली आजच्या एखाद्या गाडीबद्दल कोणी टॉर्च घेऊन विचारलं, ही मूळची आहे का, तर तिच्या सॉफ्टवेअरचं पहिलं रूप दाखवायला कुठे शोधणार? पप्पांची पिढी निदान जुना बोल्ट डब्यात ठेवायची.

त्या रात्री पप्पा मला पार्किंगमध्ये घेऊन गेले. मागच्या चाकाच्या वरचा पत्रा दाखवला. "डोळे मिटून हात फिरव." मी फिरवला. मला गुळगुळीत पत्रा लागला. ते हसले. मग त्यांनी सांगितलं की प्रेसची डाय नुसती मशीनवर कापून चालत नाही. तिला निळा रंग लावायचा, वरची आणि खालची बाजू दाबून बघायची, निळा कुठे लागला कुठे नाही ते पाहायचं, उंच राहिलेली जागा हाताने ग्राइंड करायची, परत निळा. आठवडेच्या आठवडे. "कॉम्प्युटरवर आता सगळं आधी दिसतं. तेव्हा बोटांना दिसायचं." अशा कामात कुठल्या डायला कोणाचा हात लागला, हे कुठल्याच प्रमाणपत्रावर नसतं. मी अनेक वर्षं 'फॅक्टरी ओरिजिनल' हा शब्द वाचत आले होते. फॅक्टरी म्हणजे आपल्या टेबलापलीकडे भाकरी मोडणारा माणूस, हे कधी जोडून बघितलं नव्हतं.

पण याचा अर्थ मी लगेच मान्य केलं असा नाही. ज्याने बनवली त्याला मोडायचाही हक्क आहे, हे मला आजही पूर्ण पटत नाही. गाडी सिएरा म्हणून ओळखली जाते ती आमच्यासारख्यांच्या आठवणींमुळेही, आणि अशा गाड्या आता मोजक्याच चालत्या आहेत. शिवाय पप्पांचं मन स्टिअरिंगवर थांबत नव्हतं. लांडेवाडीच्या मिस्त्रींनी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की एवढा खर्च करताच आहात तर सफारीचं २.२ डायकोर इंजिनही टाकू. पप्पांचे डोळे चमकले होते. खंबाटकीत आयुष्यभर ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये काढलेल्या माणसाला ही केवढी लालूच!

इथे मला कायदा कामाला आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी काढावी लागते. आमची पुनर्नोंदणी तशीही नोव्हेंबर २०२५ मध्ये यायची होती, आणि त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती फी १०,००० रुपये झाली. मोशीच्या आरटीओबाहेरच्या एजंटला मी पॉवर स्टिअरिंगचं विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आरसीवर त्याचा रकानाच नाही."

कायद्याची आणखी एक गंमत मला तेव्हाच सापडली. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की गाडी 'व्हिंटेज' होऊ शकते, तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. आणि पुढची अट अशी की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. म्हणजे सरकार गाडीचा मान राखणार, पण तिने कराडला जाणं थांबवल्यावर. आमची सिएरा २०४५ साली पात्र होईल. पप्पा तेव्हा ८७ वर्षांचे असतील.

मी पप्पांना हा आकडा सांगितला नाही. पण त्यानंतर माझा विरोध ढिला पडला. तह असा झाला: इंजिनला हात नाही, स्टिअरिंग बदलायचं, आणि जुना स्टिअरिंग बॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. सुपरकारवालेही असंच करतात म्हणे, मूळ एक्झॉस्ट, मूळ चाकं खोक्यात घालून जपतात. परत लावता येईल ते सगळं माफ.

सुमो आणि सिएराचं खालचं बरंच काही सारखं, म्हणून सुमोचा बॉक्स आणि पंप शोधायचा ठरला. पूर्वी असं काही हवं असलं की कुदळवाडी होती. चिखलीजवळचा तो भंगाराचा समुद्र, जिथे पप्पा मला लहानपणी न्यायचे आणि आई नंतर आम्हा दोघांना बाहेरच हातपाय धुवायला लावायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा ओळखीच्या गल्लीत मोकळं मैदान होतं. फोनवर फोन करत, चाकणच्या पुढे हललेला एक भंगारवाला सापडला. त्याच्याकडे सुमोचा बॉक्स होता, पंपही होता. पप्पांनी शाफ्ट हातात धरून हलवला, कानाजवळ नेला आणि भाव न करताच पैसे दिले. असं मी पहिल्यांदाच बघितलं.

बसवायच्या दिवशी लांडेवाडीत एक अडचण आली. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा डबा अडकवायला आतल्या पत्र्यात जागा नव्हती. दोन भोकं पाडावी लागणार होती. बाकी सगळं उलट फिरवता येणार होतं, ही दोन भोकं सोडून. मिस्त्रींनी ड्रिल उचललं आणि माझ्याकडे बघितलं. तह मी केला होता ना.

मी म्हटलं, "दुसरीकडे कुठे बसत नाही का?"

पप्पांनी अर्धा तास पट्टी घेऊन जागा शोधली. माझ्यासाठी शोधली, त्यांना तर पहिल्याच मिनिटाला कळलं असणार. मग खडूने दोन फुल्या मारल्या, सेंटर पंच ठेवून हातोडीचा एक-एक टोला दिला आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "खांदा दुखतो माझा. तू पाड. आधी बारीक बिट, मग मोठा. दाबू नकोस, तो आपलाच जातो."

तीस वर्षांचा पत्रा होता. ड्रिलच्या टोकातून बारीक चकचकीत कीस वर आला, आतलं लोखंड नवं असल्यासारखं. दुसरं भोक पाडताना माझा हात कमी थरथरला. पप्पांनी भोकांच्या कडा गोल कानशीने साफ केल्या, बोटाने तपासल्या, रेड ऑक्साइड लावलं आणि मिस्त्रींना म्हणाले, "आता चहा सांगा."

लिननच्या शर्टवाल्यांना मी प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग "अरेरे" म्हणाले, आणि "काचांना तरी काही करू नका". मी शब्द दिला. नोव्हेंबरमध्ये टाटांनी नवी सिएरा आणली. तिला पाच दरवाजे आहेत आणि मागच्या खिडक्या उघडतात. आम्ही शोरूममध्ये जाऊन बघून आलो. पप्पांनी मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून हात फिरवला, "फिनिशिंग चांगलंय" म्हणाले आणि ब्रोशर न घेताच निघाले.

डिसेंबरमध्ये कराडला गेलो. त्यांनीच चालवली. निगडीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना एका हाताने चाक फिरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांना नुकतंच लायसन्स मिळालंय. मी मुद्दाम मागे बसले होते, अठ्ठावीस वर्षांचे पाय कसेबसे दुमडून, काचेला डोकं टेकून. खंबाटकीच्या चढाला गाडी नेहमीसारखी धापा टाकायला लागली. तिसऱ्यातून दुसऱ्यात. उसाचा एक ट्रॅक्टर पुढे होता, मागे कंटेनर हॉर्न वाजवत होता.

"इंजिनचं बघू या गं," पप्पा आरशातून म्हणाले, "परवानगी काढून."