बंगळूर–बेळगाव : तास विमानाचा, हिशेब घराचा

“विमान तासाभरात येतं म्हणतात ना? मग निघ तू, मी कुकर लावते!” बेळगावच्या टिळकवाडीतली एखादी आजी बंगळूरच्या नातवाला फोनवर असे सहज सांगते. नातू हसतो. कारण जयनगरच्या खोलीतून निघून आजीच्या ताटावर बसेपर्यंतचा हिशेब त्याला ठाऊक असतो.

बंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ आणि बेळगावचा सांबरा विमानतळ यांतले सरळ हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड असा महामार्ग धरला, तर ते ५०० च्या वर जाते. रेल्वे धारवाडनंतर लोंढा, खानापूर असा वळसा घेते. तिचे अंतर ६११ किलोमीटर.

विमानाला लागतो साधारण सव्वा तास. मात्र तो सगळाच आकाशातला नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उंची गाठणे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सारे त्यात आले.

खरी गंमत जमिनीवर आहे. पूर्वी बंगळूरची प्रवासी विमाने शहरालगतच्या एच.ए.एल. विमानतळावर उतरत. २४ मे २००८ रोजी ती उत्तरेला देवनहळ्ळीला गेली. नकाशावर पाहिले तर त्यामुळे बेळगाव थोडे जवळच आले. जयनगरकरांपासून विमानतळ मात्र चाळीस किलोमीटर दूर गेला! बस असो वा टॅक्सी, गर्दीच्या वेळी दीड-दोन तास सहज जातात.

त्यात विमानतळावर दीड तास आधी पोचणे, मग सव्वा तास विमानात, सामानासाठी अर्धा तास आणि सांबऱ्याहून शहरात यायला आणखी अर्धा तास. बेरीज होते सव्वापाच ते पावणेसहा तास.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने उभारलेला सांबऱ्याचा तळ तसा शहराजवळच, दहाएक किलोमीटरवर. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे नवी इमारत झाली.

मग विमान घ्यावे कधी? सणासुदीला सवड असेल, तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बरी. रात्री बंगळूरला झोपावे, सकाळी बेळगाव गाठावे. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही धावते. तिला दिवसाचे सुमारे साडेआठ तास लागतात. पण घरून रात्री-अपरात्री आजारपणाचा फोन आला, तर वाचलेले दोन-तीन तासही लाखमोलाचे ठरतात. अशा वेळी सकाळच्या विमानाची चौकशी आधी करावी. फक्त डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळीवर पहाटे धुके दाटते आणि उड्डाणे रखडतात, एवढे ध्यानात ठेवावे.

ही वाट मराठी माणसाला नवी नाही. बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे होती. १६६४ साली त्यांचा मृत्यू झाला तो दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे येथे. त्या काळी घोड्यावरून कित्येक दिवस खाणारे अंतर आज एका सकाळीत संपते, हेही थोडे नाही.

तेव्हा आजीने हिरमुसू नये. नातवाने घर सोडल्याचा फोन केला, की तांदूळ निवडायला घ्यावेत. कुकर मात्र विमान सांबऱ्याला उतरल्यावरच लावावा. भात गरम मिळेल!