मोठं पातेलं

भांडी खरेदी हे पुरुषांचं काम नव्हे, असं आमच्या आईचं ठाम मत होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत सात पुरुष आहेत आणि कायद्याला हव्यात म्हणून दोन बायका. त्या दोघी सह्या करायला येतात आणि शहाण्या असल्यामुळे मिटिंगला येत नाहीत. अशा परिस्थितीत मोठं पातेलं घेण्याचं काम कमिटीच्या अंगावर येऊन पडलं. त्यातही मी बँकेत नोकरीला. बँकेतल्या कारकुनाला सोसायटीत खजिनदार करतात, हा निसर्गनियमच आहे. माणूस दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून घरी आला की त्याला आणखी थोडे मोजायला द्यायचे.

घरातलं पातेलं घेणं सोपं असतं. म्हणजे ते घ्यावं लागतच नाही, आहेरात येतं. एक आलं तर बरं, सात येतात, आणि साती एकाच मापाची असतात. पण अडीचशे माणसांच्या मसालेभाताचं पातेलं कोणी कोणाला आहेरात देत नाही. ते विकत घ्यावं लागतं, आणि सोसायटीत काहीही विकत घ्यायचं म्हटलं की आधी मिटिंग बोलवावी लागते.

आमच्या ब इमारतीत चाळीस बिऱ्हाडं. गणपतीतल्या रविवारी महाप्रसाद असतो. जिलबी बाहेरून येते. मसालेभात, भाजी, कोशिंबीर आणि मठ्ठा इमारतीतच होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गेली बावीस वर्षं भाताची सूत्रं सांभाळताहेत. वय चौऱ्याहत्तर. त्या फोडणी पडल्यावर खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या वासावर हुकूम देतात, 'मीठ!' किंवा 'जाळ कमी!' आमच्या शाखेच्या मॅनेजरला सहा संगणक पुढ्यात असून इतकं कळत नाही.

गेल्या वर्षी आम्ही १८० माणसं धरली होती, आली २३०. कोणाचे व्याही आले, कोणाच्या मुलाचं सगळं ऑफिस आलं. पहिल्या दोन पंगती झोकात उठल्या. शेवटच्या पंगतीला ओगराळं बुडाला लागून खणखण वाजायला लागलं. आता, शेवटच्या पंगतीला कोण असतं, हे वाचकांना सांगायला नकोच. वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं, जिना झाडणाऱ्या मावशी, त्यांची सून, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि सकाळपासून वाढून वाढून पाठ धरलेली आमचीच पोरं. त्यांच्या पानात जिलब्या पडल्या, मठ्ठा वाटीवर वाटी पडला, भात मात्र चमचा चमचा. मी वॉचमनच्या पानापुढे थांबलो, तर तोच म्हणाला, "असू द्या साहेब, आज माझा उपासच आहे." उपासाला जिलबी चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

यंदाच्या मिटिंगमध्ये सेक्रेटरींनी तोडगा काढला. केटररला कंत्राट द्यायचं. दर प्लेटचा भाव ठरलेला, प्लेटा मोजून घ्यायच्या, सभासदांची डोकी मोजून तेवढ्या सांगायच्या. ना भांडी घासायची कटकट, ना कमी पडायची भीती. सूचना इतकी स्वच्छ होती की तिला अनुमोदन मिळणार हे दिसतच होतं. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "आणि खालची माणसं?"

"त्यांना पाकीट देऊ."

काकूंना मिटिंगला खास बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "पाकीट चावायला कसं लागतं रे?"

अध्यक्ष म्हणाले की हा भावनेचा प्रश्न नाही, सभासदत्वाचा आहे. महाप्रसाद वर्गणीदारांचा. तेव्हा मी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. मला भाषण येत नाही, पण पावतीपुस्तक वाचता येतं. पावती क्रमांक ३७, वॉचमन, रुपये १०१. पावती क्रमांक ३८, जिन्याच्या मावशी, रुपये ५१. दोन्ही रोख, दोन्ही गणपती बसायच्या आधी. यानंतर ज्यांच्या पावत्या अजून फाटायच्याच होत्या त्यांची यादी वाचू का, असं मी विचारलं. तशी गरज नाही, असं अध्यक्ष म्हणाले. भात इमारतीतच होईल आणि अडीचशे माणसांचं पातेलं घ्यावं, हा ठराव एकमताने पास झाला. यादीतली तीन नावं कमिटीतली होती.

अडीचशे माणसांचं पातेलं म्हणजे केवढं? इथे माझं कॉमर्स कामाला आलं. मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरला, तर २० किलो होतो. तो मापाने साधारण २४ लिटर भरतो आणि शिजून तिपटीने फुगतो, म्हणजे ७२. त्यात तोंडली, मटार, खोबरं मिळून ८० धरा. झारा फिरवायला पातेलं पाव भाग तरी रिकामं हवं. एकूण ११० लिटर. दोन फूट रुंद आणि सव्वा फूट उंच भांड्यात एवढं बसतं. हिशेब मी टॅलीला लावला, खाली दोन रेघा मारल्या आणि काकूंना दाखवला. त्यांनी तो उलटा धरून वाचला आणि म्हणाल्या, "हो, चार पायल्यांच्या वर जाईल." त्यांची पायली मी किलोत बदलून बघायला गेलो, तर त्यांनी मला चहा दिला.

आता अडचण आली ती नानांची. नाना तळमजल्यावर राहतात. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण पदार्थविज्ञान अजून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "अरे, एवढं मोठं एकच पातेलं घेऊ नका. भांड्याची रुंदी दुप्पट केली, उंची दुप्पट केली, तर पोट आठपट होतं. पण बूड चौपटच. आणि जाळ लागतो बुडाला."

मला हे लगेच पटलं. पगाराच्या दिवशी आमच्या शाखेत हेच होतं. माणसं आठपट आणि खिडक्या चौपट. खिडकीशी असलेला चेंगरतो, मागे असलेला थंड पडतो. भाताचंही तसंच. वरच्या भाताचं ओझं खालच्यावर, खाली सतत धग. तळाशी खरवड, मध्ये खीर आणि वर तांदूळ, अशी एकाच भांड्यात तीन पक्वान्नं होतात. ढवळावं तर शितं मोडतात, न ढवळावं तर लागतं. दिल्लीला ४ नोव्हेंबर २०१७ रोजी एका प्रदर्शनात ९१८ किलो खिचडी करून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. विक्रमाला खिचडी निवडली यातच सगळं आलं. तिला शितं मोडण्याचं सोयरसुतक नसतं. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली गच्चीवर ७३ मोठ्या सूर्यतबकड्या बसवल्या. त्या पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर अन्न शिजतं. खाली जाळच नाही, त्यामुळे करपायची भीती फार कमी. नानांनी आमच्या गच्चीवर तसलं काही करता येईल का, याची चौकशी केली. आमच्या गच्चीवर सध्या वाळवणावरून दावा चालू आहे.

मोठ्या भांड्याची दुसरी गोम मला माझ्या मेहुण्याकडून कळली. तो टेक्सासात राहतो. तिथल्या मराठी मंडळींच्या सहलीला हा स्वयंपाकाचा प्रमुख, आणि त्यानेही एवढ्यातच जुनी शेगडी काढून मोठी घेतली होती. तिला तिकडे पेलेट ग्रिल म्हणतात. ओरेगॉनमधल्या जो ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी १९८०च्या दशकात ही युक्ती काढली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या एका पेटीत ओतायच्या. विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या जाळाच्या वाटीत ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि ठरवलेली धग आपोआप टिकते. म्हणजे आपल्याकडे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या आत्याबाईंचं काम तिकडे यंत्र करतं, फक्त ते सुनेला बोलत नाही. ही शेगडी चौरस इंचांवर विकतात, आपल्याकडे जशी जागा चौरस फुटांवर. मेहुण्याने ऐंशी माणसांच्या हिशेबाने घेतली.

"भाऊजी," तो फोनवर म्हणाला, "सहल वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस आम्ही दोघं आणि दोन कणसं. पण शेगडीला ते कुठे कळतं? तिला सगळं पोट तापवावंच लागतं. कणसांपेक्षा गोळ्यांचाच खर्च जास्त."

मी लगेच हिशेब केला. आमच्याकडेही महाप्रसाद एकदा आणि सत्यनारायण, हळदीकुंकू, कोजागिरी हे चाळीस-पन्नास माणसांचं वर्षातून पाच वेळा. तीन किलो तांदळाचा भात दोन फुटी पातेल्यात केला, तर त्याचा थर जेमतेम दीड इंच होतो. तो मसालेभात नव्हे, मसालेपापड.

एवढी तयारी करून मी, नाना आणि काकू रविवार पेठेत गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "किती माणसांचं?"

"अडीचशे."

"बोलावलेली की येणारी?"

हा माणूस आमच्या कमिटीत हवा होता. येणारी, असं काकूंनी सांगितलं. मग त्याने आमचं शिक्षण सुरू केलं. ही भांडी किलोवर विकतात, डब्यासारखी नगावर नाही. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. असली उलटी पद्धत मी फक्त ओव्हरड्राफ्टच्या खात्यात पाहिली आहे. स्टील दिसायला देखणं, पण उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या मानाने चौदा-पंधरा पट मंद. जाळ लागेल तिथेच तापून भात तेवढ्याच जागी करपतो. ॲल्युमिनियम सगळीकडे सारखं तापतं, हलकंही असतं, पण चिंचेची आमटी किंवा मठ्ठा त्यात ठेवायचा नाही. पितळेला कल्हई हवी. आमचं जुनं पातेलं पितळेचंच होतं. पूर्वी कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा, कथील आणि नवसागर घेऊन. नवसागराचा पांढरा धूर आणि मागोमाग चांदीसारखं भांडं, हे आम्ही शाळा बुडवून पाहिलं आहे. आता त्याला शोधत हिंडावं लागतं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं. जुनं पातेलं मोडीत काढू नये, असं मला वाटत होतं. काकूच म्हणाल्या, "रिकामं असताना उचलायला दोन गडी लागतात. काढा."

शेवटी ठरलं ते असं. एक ११० लिटरचं घ्यायचं नाही; साठीच्या आसपासची दोन घ्यायची, जाड बुडाची, ॲल्युमिनियमची. महाप्रसादाला दोन, कोजागिरीला एक. दुकानदाराने त्यातही अक्कल शिकवली. दोन्ही एका मापाची घेतलीत तर एकावर एक चढवून ठेवावी लागतील, एक नंबर कमी घ्या, आत बसेल. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वर्षातले तीनशे साठ दिवस पातेलं ठेवायचं कुठे, हा प्रश्न त्या एका वाक्याने अर्धा झाला. शिवाय दोन फुटी पातेलं कड्यांसकट आमच्या लिफ्टच्या दारातून गेलं नसतं. हे नानांनी टेप लावून आधीच सिद्ध केलं होतं, लिफ्ट चालू असती तर प्रत्यक्षही दाखवलं असतं.

पितळेच्या मोडीत दोन्ही पातेली बसली आणि वर दोन लांब दांड्यांचे झारे आले. नाव घालणारा अक्षरावर पैसे घेत होता. अध्यक्षांना आपल्या कारकिर्दीचा उल्लेख हवा होता. त्यांचं नाव, पद आणि कारकीर्द मिळून अक्षरं किती होतात हे मी मोजून सांगितलं. पातेल्यांवर 'इमारत ब' आहे.

महाप्रसादाच्या दिवशी दोन शेगड्या, दोन सिलिंडर. घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर असल्या कामाला लावता येत नाही, १९ किलोचं घ्यावं लागतं. आणि मोठ्या शेगडीने गॅस भराभर ओढला की सिलिंडरच गार पडून त्याच्या अंगावर दंव धरतं, जाळ मान टाकतो. एका शेगडीमागे एक असल्यामुळे आमचा जाळ शेवटपर्यंत ताठ होता. काकूंनी खुर्ची दोन शेगड्यांच्या मधोमध टाकली. पहिली पंगत थोरल्या पातेल्यातून, तोवर धाकट्यात भात मुरत होता. शेवटच्या पंगतीला आला तो वाफ निघणारा. माणसं २४१ झाली. वॉचमनने तीनदा भात घेतला. यंदा उपास नाही का, असं मी विचारलं नाही. खरवडीवरून मात्र भांडण झालं. दोन पातेली म्हणजे खरवड दुप्पट होईल अशी पोरांची समजूत होती, आणि जाड बुडामुळे ती जवळजवळ झालीच नाही. त्यांनी काकूंकडे रीतसर तक्रार केली.

आता पातेली मागायला लोक येतात. अ इमारतीच्या सेक्रेटरींनीही मागितली, म्हणून मी एक रजिस्टर घातलं. तारीख, कोणाला दिलं, कशासाठी, किती माणसांसाठी, परत आल्याची सही. पहिली नोंद आमच्या वॉचमनची आहे. त्याच्या मुलीचं लग्न गावी होतं, दोन्ही पातेली त्याला हवी होती. टेंपो दारात उभा होता. त्याने सावकाश एकेक रकाना भरला आणि 'किती माणसांसाठी' याच्यापुढे लिहिलं, 'येतील तेवढी'.

आकड्याच्या रकान्यात अक्षरं लिहिलेली मी बँकेत चालवून घेत नाही. स्लिप परत करतो. इथे मी खाली सही केली आणि शेरा या रकान्यात लिहिलं, 'सोबत झारे दोन'.