बोहारणीसाठी बांधलेलं गाठोडं

"काय बाई, तुमची मजा आहे! दीड महिना सुट्टी!" असं मला दर मे महिन्यात कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारी बहुधा आमच्याच कोचावर बसलेली असते, हातात आमच्याच चहाचा कप असतो आणि तिची बॅग दारात असते. कारण आमचं घर स्वारगेटच्या एस.टी. स्टँडपासून चालत सात मिनिटांवर आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, माहेरी यायला गाडी दाराशी!" गाडी दाराशी म्हणजे तिच्यातून उतरणारेही दाराशीच, हे तेव्हा तिच्याही लक्षात आलं नाही नि माझ्याही.

साताऱ्याहून या, कोल्हापूर-सांगलीहून या, नाहीतर महाडकडून घाट चढून या, उतरायचं ते स्वारगेटला. "पुढच्या गाडीला दोन तास आहेत, म्हटलं जरा टेकून जावं." टेकता टेकता जेवण होतं, जेवता जेवता ऊन वाढतं, आणि मग "आता उन्हात कुठं जाता, राहा की" असं मलाच म्हणावं लागतं. त्यातून २०२२ सालापासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. फार चांगलं झालं, मीही निम्म्या तिकिटात माहेरी जाऊन येते. पण त्या सवलतीत आमच्या चहा-साखरेचा हिशेब कुणी धरला नव्हता! २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली तेव्हा हे म्हणाले, "आता पाहुणे परस्पर जातील." कुठलं काय. आता शिवाजीनगरकडचेही मेट्रोत बसून येऊ लागले.

मी कुरकुरत असे, खोटं कशाला सांगू? पण २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे याच स्टँडात, उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. गावाला जाणारी गाडी धरायला आलेली मुलगी. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या सगळ्यांना मीच फोन करून सांगितलं, की पहाटेची गाडी असेल तर पोरीबाळींनी आदल्या रात्री आमच्याकडेच यायचं. यांनी किंवा मी फलाटापर्यंत जायचं आणि गाडी हलल्यावरच परत फिरायचं. कुरकुर तेव्हापासून बंद केली. निदान मोठ्यानं करत नाही.

तर सांगायची होती ती गोष्ट २०२५ च्याच मे महिन्यातली.

सुट्टी म्हणतात तिला, पण माझी सुट्टी जरा निराळी असते. मी शाळेत मराठी शिकवते ते तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे. मे महिन्यात तास नाहीत, तेव्हा पैसेही नाहीत. आणि जूनमध्ये तास मिळतील की नाही, मिळाले तर किती, हे जूनमध्येच कळायचं. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पट कमी होतोय हो. एखादी तुकडी जाईल असं दिसतंय. कळवते." बाई चांगल्या आहेत, त्यांच्या हातात काही नसतं हेही मला ठाऊक आहे. पण 'कळवते' हा शब्द दीड महिना उशाशी घेऊन झोपणं काही सोपं नाही.

माझ्या पैशांवर आमचं घर चालतं असं मुळीच नाही. पण दूध, वर्तमानपत्र, चिरंजिवांच्या वह्या आणि वर्षाला दोन सुती साड्या माझ्या पैशांतून येतात. साड्या फार भारी नसतात. पण कुणाला न विचारता दुकानात शिरावं, बोट ठेवावं आणि पैसे मोजावेत, याची गोडी ज्यांनी चाखली आहे त्यांना मी वेगळं काय सांगू! शाळेत मी त्याच नेसते. खडूची पूड बसते, फळा पुसताना पदर माखतो, तपासायच्या वह्यांमधली लाल शाई लागते. सात-आठ वर्षांत कपाटाचा खालचा कप्पा त्यांनी भरून गेला होता.

तो कप्पा मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आवरायला घेतला. विटलेल्या, विरलेल्या साड्या काढता काढता अकरा निघाल्या. मग कशी कोण जाणे, चांगल्या तीनही त्यांवर ठेवल्या. मनाशी म्हटलं, बोलावलं नाही तर घरात कुठं नेसायच्यात? सगळ्यांचं गाठोडं बांधलं. आमच्या गल्लीत अजून एक बोहारीण येते. तिच्याकडे स्टीलचं एक झाकणाचं पातेलं मी हेरून ठेवलं होतं.

बोहारणीच्या आधी आमच्या आत्या आल्या. यांच्या आत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, गाव वाईजवळ. डोळे दाखवायला एका रात्रीपुरत्या आल्या होत्या. पण त्या वर्षीचा मे हा मे वाटलाच नाही, जवळजवळ रोज वळीव. आणि २६ तारखेला तर खुद्द मोसमी पाऊसच पुण्यात येऊन थडकला. एरवी त्याला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. माझ्या कुरडया गच्चीवर अर्ध्या वाळलेल्या होत्या, त्यांचं काय झालं ते विचारू नका. आत्या "पाऊस उघडला की जाते" म्हणत दहा दिवस राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते गाठोडं सोडलं. एकेक साडी चिमटीत धरून चोळून पाहिली.

"अगं, ही सगळी सुती?"

"हो."

"आणि ही भांड्यावर घालवतेस? असलं जुनेर हल्ली डोळ्यांना दिसत नाही. आमच्या सुना सगळ्या सुळसुळीत नेसतात. त्याची का गोधडी होते? सुई ठरत नाही त्यात, नि ऊबही येत नाही." मग वरच्या तीन साड्या हातात घेऊन म्हणाल्या, "या तर धड आहेत. शाळेत लागतील की."

"लागतील की नाही ते अजून ठरायचंय, आत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. तिन्ही साड्यांची घडी घातली आणि स्वतःच्या हातांनी परत कपाटात ठेवून आल्या. येताना म्हणाल्या, "दोरा आण."

मी बी.ए. झाले, वर्गात मुलांना 'गोधडी' शब्दावर वाक्यं करायला सांगितली, पण गोधडी कधी शिवली नव्हती. स्वारगेट ते मंडई मेट्रोचं एकच स्टेशन. तिथून चालत बोहरी आळीत गेले आणि जाड सुती दोरा, लांब सुया, अंगुस्तान घेऊन आले.

तुमच्यापैकी कुणाला करायची असेल तर सांगते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिच्या तीन घड्या घातल्या की लांबी सहा फूट भरते आणि रुंदी पन्ह्याएवढी, म्हणजे पंचेचाळीस इंच. एका माणसाला पुरते. अशा दोन साड्या पोटात घातल्या की सहा पदर झाले. वर आणि खाली एकेक पदर जरा धड कापडाचा. आधी फॉल उसवायचा, साड्या धुऊन खळ काढून टाकायची आणि त्या पुरत्या वाळवायच्या. ओल राहिली की वास धरलाच. (आमच्या साड्या पावसामुळे तीन दिवस पंख्याखाली वाळत होत्या.) काठ निराळे कापून ठेवायचे, ते कडेनं पट्टी म्हणून लागतात. मग जमिनीवर अंथरून, हातानं सुरकुती न सुरकुती काढून, कडांवर वजनं ठेवायची. आत्यांनी वरवंटा मागितला. तो होता. खलबत्ताही होता. पुढे काही सापडेना म्हणून उरलेल्या दोन कोपऱ्यांवर माझा मराठी शब्दकोश आणि यांच्या ऑफिसच्या फायली आल्या. मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे पदर एकत्र धरायचे. यात आळस केला तर पुढे मध्यावर पोचेपर्यंत कापडाचा फुगा येतो. मग कडेपासून धावदोरा धरायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत जायचं.

"टाका केवढा घालू?" मी विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढा."

माझा पहिल्या दिवशी शेंगदाण्याएवढा पडला. आत्यांनी उसवायला लावला नाही. म्हणाल्या, "राहू दे, पहिल्या दिवसाची खूण."

बैठकीच्या खोलीत ती गोधडी अंथरली गेली आणि आमच्या घराचा नकाशाच बदलला. यांना टी.व्ही.कडे जायला भिंतीला पाठ लावून जावं लागे. आणि पाहुणे तर येतच होते! महाडच्या मामी चार तासांसाठी आल्या, त्यांनी बसल्या बसल्या एक रांग घातली. जाऊबाई आल्या, त्यांनी घातली. माझी कॉलेजातली मैत्रीण गाडी चुकली म्हणून आली. तिला शिवण येत नाही आणि तिनं ते आधीच सांगितलं, तरी आत्यांनी तिच्या हातात सुई दिलीच. "बोलायला तोंड लागतं, हात रिकामेच आहेत ना?" म्हणाल्या. तिची रांग अजून ओळखू येते. निघाली सरळ आणि पोचली शेजारणीच्या घरात! एरवी पाहुण्यांपाशी बसले की माझं अर्धं लक्ष गॅसवर नि अर्धं घड्याळावर. त्या दहा दिवसांत प्रथमच मी कुणाकुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. जाऊबाईंच्या मनात इतकं काय काय साठलं होतं, मला पंधरा वर्षांत पत्ता नव्हता.

फोन मात्र मी अंगुस्तानाशेजारीच ठेवत होते. वाजला की बोटात सुई टोचे. एकदा बँकेचं कर्ज हवं का म्हणून विचारणारा होता, एकदा गॅसचा. आत्यांनी दोन-तीनदा पाहिलं. मग एका दुपारी, मान वर न करता म्हणाल्या, "मला सासऱ्यांनी विहिरीच्या कामावर जायची बंदी केली होती. घरची सून, मजुरीला कशी जाईल म्हणून. तिथं रोजचे पैसे रोज हातात मिळत. ते आठवतात अजून." एवढंच. पुढे काही त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघींनी ती रांग पुरी केली.

१ जूनला रविवार होता. ऊन पडलं आणि आत्या निघाल्या. आम्ही सगळेच पोचवायला गेलो. एस.टी.चा वाढदिवस म्हणून स्टँडात रांगोळी होती, एका गाडीला झेंडूचा हार होता. आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. छंद एकच, गाड्या! गॅलरीत उभं राहून कुठली लालपरी, कुठली शिवशाही हे नुसत्या आवाजावरून सांगतात. गणिताचा पाढा विचारा, तोंडाला कुलूप! पण एस.टी.चा इतिहास मुखोद्गत. "आजी, पहिली एस.टी. १ जून १९४८ ला सुटली, पुणे ते अहमदनगर. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. आणि २०२२ ला विजेवरची पहिली शिवाई धावली ना, तीसुद्धा १ जूनलाच, नि त्याच रस्त्यानं!"

"म्हणजे एस.टी. माझ्याहून वर्षानं धाकटी," आत्या म्हणाल्या. "आणि बघ तिचे लाड!"

आधार कार्ड दाखवून त्यांनी शून्य पैशांचं तिकीट घेतलं, ते घडी करून कनवटीला लावलं आणि खिडकीतून मला ओरडून सांगितलं, "फुगा येऊ देऊ नकोस!"

मोठ्या बाईंचा फोन आला तो १२ जूनला संध्याकाळी. मी कणीक मळत होते, चिरंजिवांनी फोन कानाला लावून धरला. तुकडी गेली होती. आठवड्याला अठरा तासांचे दहा झाले होते. "चालेल ना?" बाईंनी अगदी संकोचून विचारलं. "चालेल" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्री हे म्हणाले, "दहा तर दहा, तेवढाच तुला आराम." माणूस मायेचा आहे, पण त्या आठ तासांत काय काय गेलं ते त्याला कसं सांगू? दूध-वर्तमानपत्राचं निघेल. साड्या त्या वर्षी नाहीत. आणि सातवीचा वर्ग गेला, ज्याला मी पाचवीपासून शिकवत होते.

१६ तारखेला शाळा उघडली. कपाटातल्या तीन साड्यांपैकी निळ्या काठाची नेसून गेले. पाऊस होता, निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजल्या. सातवीची दोन मुलं जिन्यात भेटली, "बाई, आम्हाला तुम्ही नाही?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही रे. पण शुद्धलेखन तपासायला आणा, मी आहे इथंच." आणतात, कधीमधी.

गोधडीचा मधला हातभर चौकोन राहिला. शाळा, डबे, पावसात न वाळणारे कपडे. रोज रात्री एक रांग घालीन म्हटलं, आठवड्याला एक होते. तशीच घडी करून, सुई मध्यात टोचून पलंगावर ठेवते. जुलैत यांची भाची कराडहून आली, कॉलेजच्या प्रवेशासाठी. परत जायची गाडी पहाटे साडेपाचची. रात्री पाऊस नुसता कोसळत होता, गारठा पडला, आणि घरातली सगळी पांघरुणं ओलसर. शेवटी तीच गोधडी तिच्या अंगावर घातली.

"मामी, किती मऊ आहे गं!" ती आतून म्हणाली.

"मऊ आहे, पण मध्यात सुई आहे हं," मी म्हटलं, "फार वळू नकोस." आणि पावणेपाचचा गजर लावला.