दहा मिलिसेकंदांची वाटणी

ॲप्लिकेशनवाल्यांकडून येणारा मागणीचा फॉर्म सगळीकडे सारखाच असतो: सीपीयू आठ, मेमरी ३२ जीबी, डिस्क अमुक इतकी, आणि हवं कधी, तर कालच. आठच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘व्हेंडरने सांगितलंय.’

मी आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर एआयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते. एका मशीनचे अनेक सर्व्हर करून देणं हे माझं रोजचं काम. अशा एकेका भागाला लॉजिकल पार्टिशन म्हणतात. आमच्या बोलण्यात ‘एलपार’. तो तयार करणं मुळीच अवघड नाही. एचएमसी हा कन्सोल उघडायचा, नाव द्यायचं, आकडे भरायचे, ॲक्टिव्हेट करायचं. डोकं लागतं ते आकडे ठरवायला, कारण फॉर्मवरच्या त्या एका ‘सीपीयू’चे इथे दोन आकडे होतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

२००१ मध्ये पॉवर४ प्रोसेसरचा पी६९० आला, तेव्हा हा घोळ नव्हता. प्रत्येक एलपारला किमान एक अख्खा प्रोसेसर मिळायचा. (मेनफ्रेमवाले तेव्हा आम्हाला हसले असतील, त्यांच्याकडे व्हीएम/३७० हे १९७२ पासून होतं.) २००४ मध्ये पॉवर५ आणि एआयएक्स ५.३ आले आणि एका प्रोसेसरचे दहा हिस्से करता येऊ लागले. पॉवर७+ पासून तर विसावा हिस्साही देता येतो.

हा हिस्सा वेळेचा असतो. मशीनची एलपारांमध्ये वाटणी करणारा हायपरवायझर दर १० मिलिसेकंदांचा हिशेब ठेवतो. एलपारला ०.५ हक्क लिहून दिला असेल, तर प्रत्येक १० मिलिसेकंदांत त्याला प्रोसेसरवर ५ मिलिसेकंद बसायला मिळणारच, शेजाऱ्यांची कितीही गर्दी असो. याला ‘एंटायटलमेंट’ म्हणतात. दुसरा आकडा व्हर्च्युअल प्रोसेसरचा. एलपारला एका वेळी किती प्रोसेसरवर पसरता येईल, ते तो ठरवतो. एलपार ‘अनकॅप्ड’ असेल, तर शेजाऱ्यांनी न वापरलेला वेळ तो हक्काबाहेर जाऊनही घेतो, पण व्हर्च्युअल प्रोसेसरच्या संख्येपलीकडे नाही. एकाच फुकट वेळावर दोघांनी हात टाकला तर वेट बघितलं जातं. ते ० ते २५५ असतं, आणि मुद्दाम बदललं नाही तर १२८.

आता फॉर्मवरचा तो आठ आकडा घ्या. कोणी तरी व्हर्च्युअल प्रोसेसर आठ लिहितो आणि मशीनमध्ये जागा कमी म्हणून एंटायटलमेंट ०.८. एचएमसी विनातक्रार घेतो, कारण नियमात बसतं. रविवारी टेस्टिंग होतं, शेजारचे एलपार निवांत असतात, नवा एलपार सुसाट पळतो, सगळे खूश. मग येतो ३१ मार्च. बँकेचं वर्षअखेरचं क्लोजिंग, प्रत्येक एलपार भुकेला, उरलेला वेळ शून्य. आठही व्हर्च्युअल प्रोसेसर कामात असले की प्रत्येकाच्या वाट्याला दर १० मिलिसेकंदांत फक्त एक मिलिसेकंद येतो. कॅशमध्ये डेटा येऊन काम रंगात येतं न येतं, तोच उठायची वेळ होते. परत येईपर्यंत तिथे दुसऱ्याचा पसारा. म्हणून माझं मत ठाम आहे: एंटायटलमेंट गर्दीच्या रात्रीसाठी लिहावी, आणि व्हर्च्युअल प्रोसेसर तिच्या दुप्पट-तिपटीच्या पुढे सहसा नेऊ नयेत.

शिवाय एलपारच्या आत बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. पॉवर८ वर एका व्हर्च्युअल प्रोसेसरचे आठ थ्रेड चालवता येतात, तेव्हा एआयएक्सला आठांचे चौसष्ट लॉजिकल सीपीयू दिसतात. ओरॅकल डेटाबेसही ते चौसष्ट खरे मानतो आणि त्या हिशेबाने पॅरलल प्रोसेस सोडतो. हातात मात्र ०.८! अशा वेळी ‘सीपीयू ९५ टक्के’ म्हणणारा मॉनिटरिंगचा तक्ता बाजूला ठेवून मी ‘एलपारस्टॅट’ चालवते आणि ‘फिझसी’चा रकाना बघते. खरोखर किती प्रोसेसर वापरला, ते तिथे लिहिलेलं असतं.

ओरॅकलवरून आठवलं. त्यांच्या लायसन्सच्या धोरणात कॅप्ड, म्हणजे हक्काबाहेर न जाणाऱ्या एलपारला पक्की विभागणी मानतात आणि लायसन्स तेवढ्या हिश्शापुरतंच लागतं; अनकॅप्डला तसं मानत नाहीत. त्यामुळे काही एलपारच्या कॅप्डच्या खुणेवर माझ्याआधी खरेदी विभागाचा निर्णय झालेला असतो, आणि तांत्रिक कारणं मागाहून शोधली जातात.

मेमरीचे तर तीन आकडे असतात: मिनिमम, डिझायर्ड, मॅक्सिमम. मॅक्सिममला पैसे पडत नाहीत अशी समजूत असते आणि लोक ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ३२ जीबीच्या एलपारला ५१२ लिहून ठेवतात. पण हायपरवायझर पेज टेबलची जागा मॅक्सिममवरून राखून ठेवतो, आणि पॉवर६, पॉवर७ च्या मशीनवर हे प्रमाण चौसष्टावा हिस्सा. ५१२ चे झाले ८ जीबी. केटररला ५१२ पानं सांगून ३२ माणसं जेवायला आणली, असा हा व्यवहार. असे तीन-चार एलपार झाले की पुढच्या एलपारला मेमरी पुरत नाही आणि ती कुठे गेली म्हणून शोधाशोध सुरू होते.

डिस्क आणि नेटवर्क व्हीआयओएस या वेगळ्या पार्टिशनमार्फत येतात. ते दोन असावेत, एवढं सर्वांना पाठ असतं. पण नेटवर्कचा पूल दोन्हींवर बांधताना फेलओव्हर सेट करायचा राहिला, तर दोन्ही पूल एकदम चालू होतात, पॅकेट गोल फिरत राहतात आणि त्या व्हीलॅनवरचे सगळेच लटकतात. केबल शेवटी जोडायची, आधी सेटिंग वाचायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

चालू एलपारचे आकडे बंद न करता बदलता येतात, ही मोठीच सोय. पण जुन्या एचएमसीवर तो बदल चालू एलपारपुरताच राहतो, प्रोफाइलमध्ये आपोआप उतरत नाही. मार्चसाठी वाढवलेली एंटायटलमेंट कायम ठेवायची असेल, तर चालू कॉन्फिगरेशन त्याच वेळी प्रोफाइलवर सेव्ह करायचं. नाही तर पुढच्या देखभालीला एलपार बंद करून प्रोफाइलवरून चालू केला की ०.८ परत येतो.